सातव्या राउटरच्या नोंदी

आधीच सांगते, या धाग्यावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण हसायला. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, पिंपळाखालची बाई, बंद खोलीतून येणारा अत्तराचा वास... दुपारचा चहा आणि सोबत हे, असा माझा कार्यक्रम. इथल्या दोन-तीन जणांशी मी कडाकडा भांडलेही आहे, जुन्या मंडळींना आठवत असेल. "लॉग दाखवा, मग बोलू" हे माझं ठरलेलं वाक्य होतं. आता लॉग माझ्याचकडे आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. कोणाला काही पटवायचं नाही. उलट यात माझी चूक कुठे आहे हे कोणी दाखवून दिलं तर मी त्याचे पाय धरीन.

मी जबलपूरची, रांझीला राहते. आजोबा वर्ध्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी इकडे आले आणि मग सगळेच इथले झाले. बाबाही त्याच फॅक्टरीत टर्नर होते, छत्तीस वर्षं. मी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वय चव्वेचाळीस, लग्न केलं नाही. (का नाही, हा या धाग्याचा विषय नाही.) आई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात बाबा आणि मी.

बाबांना पाच वर्षांपूर्वी विसर पडायला लागला. सुरुवातीला चष्मा, किल्ली, शेजाऱ्यांची नावं... मग एक दिवस सकाळी सहाला अंघोळ करून, पँट-शर्ट चढवून, डब्याची पिशवी घेऊन दारात उभे.

"बाबा, कुठे जाऊन राहिले तुम्ही?"

"ड्युटीवर. फर्स्ट शिफ्ट आहे न."

रिटायर होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. मी समजावलं, तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी विसरले आहे. त्यानंतर हे रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी भर दुपारी सेकंड शिफ्टला. गेटवरचे गार्ड भले लोक, ओळखीचे. "बाबूजी, आज छुट्टी है" म्हणून परत पाठवायचे. पण बाबा नेहमी गेटवरच जातील याची खात्री नव्हती. एकदा पार शहराच्या दुसऱ्या भागात, गोहलपुरात सापडले, एकदा बसमध्ये बसून थेट शेवटच्या स्टॉपला. डबा रिकामा असला की उघडून फार कष्टी व्हायचे, म्हणून मी तो रोज भरून ठेवायला लागले. गेलेच तर निदान उपाशी तरी राहू नयेत.

तुम्ही म्हणाल, जीपीएस लावायचं. लावलं. घड्याळ आणलं, ते तांदळाच्या डब्यात सापडलं. फोन दिला, तो त्यांनी "कोणाचं तरी राहिलं वाटते" म्हणून शेजारी नेऊन दिला. बाहेरून कुलूप लावून पाहिलं, एकदाच. घरी आले तर दार ठोकून ठोकून त्यांचे हात सोलवटले होते. त्या दिवशी मी खूप रडले आणि परत कुलूप लावलं नाही. एकच वस्तू बाबा कधी सोडायचे नाहीत, ती डब्याची पिशवी. तेव्हा मी तिच्या तळाच्या अस्तरात तिकिटाएवढी एक वायफायची चिप आणि एक छोटा सेल शिवून टाकला. ती चिप दर मिनिटाला हाक मारायची, मी इथे आहे. बस, एवढंच तिचं काम. आता ही हाक ऐकायला वाटेवर कोणीतरी हवं होतं.

इथे इक्बालभाई आले. गोहलपुरात त्यांचं जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान आहे, माझे विद्यार्थी आणि मी गेली दहा वर्षं तिथलं गिऱ्हाईक. एक लहानशी इंटरनेट कंपनी बंद पडली होती, तिच्या राउटरचं एक पोतं त्यांच्याकडे येऊन पडलं होतं. स्वस्तातले राउटर, सगळे एकाच मॉडेलचे, आणि कंपनीच्या सिस्टिमने कुलूपबंद. त्या सिस्टिमला मी म्हटलं असतं की बाई, एक चिप हाक मारते आहे, ती ऐक आणि मला कळव, तर तिने ऐकलं नसतं. त्यात काही बदलताच येत नव्हतं.

पण राउटरसाठी एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम असते. जगभरातले लोक फावल्या वेळात ती लिहितात, कोणीही घ्यावी, कोणीही बदलावी. फक्त ज्या राउटरला ती माहीत नाही, त्यावर ती आधी बसवावी लागते. यालाच पोर्टिंग म्हणतात. कुठला दिवा कुठल्या पिनेला आहे, मेमरीचा कुठला तुकडा कशासाठी आहे, हे एकेक करून शोधायचं आणि सिस्टिमला समजावून सांगायचं. या मॉडेलसाठी ते काम कोणीच केलेलं नव्हतं. चार महिने मी तेच केलं. बोर्डवर तीन बारीक तारा जोडून राउटर सुरू होताना काय बोलतो ते स्क्रीनवर वाचायचं, अडला की का अडला ते बघायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा सुरू करायचं. बाबा शेजारी खुर्चीवर बसून बघायचे. टर्नर माणूस, हातातलं काम ओळखायचे. "घाई नको करू बेबी, जॉब खराब होते," असं अधूनमधून म्हणायचे.

आणि मी घाईच केली. पहिला राउटर नीट चालू झाला त्या आनंदात त्याच्या मेमरीची अख्खी प्रत काढली आणि बाकी सहांवर जशीच्या तशी चढवली. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. प्रत्येक राउटरच्या मेमरीत शेवटी एक छोटासा तुकडा असतो, त्यात त्या एकाच राउटरचा स्वतःचा नंबर आणि त्याच्या रेडिओची जुळणी असते. कारखान्यातून एकदाच लिहिलेली. ती मी सहाच्या सहांची पुसून टाकली. "आधी बॅकअप, मग हात" हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हणते की पोरं माझी नक्कल करतात, आणि मी स्वतः एकाचाही बॅकअप घेतला नव्हता. सगळे राउटर म्हणायला लागले, मी एक नंबर, मी एक नंबर.

खालच्या स्टिकरवरून नंबर परत लिहिले. रेडिओची जुळणी मात्र गेली ती गेलीच. पाच राउटर थोडे कमजोर पण चालू झाले. सातवा झाला नाही. तो दुरुस्त करताना मी मेमरीचा भलताच तुकडा पुसला आणि तो पूर्ण मेला. दिवासुद्धा लागेना.

तर सहा राउटर लागले. एक घरी, दोन नंबर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, तीन नंबर बसस्टॉपजवळच्या पानठेल्यावर, बाकीचे गेटच्या आसपास ओळखीच्यांकडे. त्यांना फुकट वायफाय मिळालं, मला कान मिळाले. बाबांच्या पिशवीची हाक ज्या राउटरला ऐकू येईल तो त्या जागेच्याच इंटरनेटवरून माझ्या घरच्या कॉम्प्युटरला एक ओळ पाठवायचा. वेळ, राउटरचा नंबर आणि हाक किती जोरात ऐकू आली त्याचा आकडा. ते पान मी मोबाइलवर कुठूनही बघू शकत होते. इक्बालभाईंनाही दिलं होतं, एकाला दोघे बरे म्हणून. यामुळे बाबा चारदा लवकर सापडले, एकदा तर पंधरा मिनिटांत.

सातवा राउटर कांचघर मोहल्ल्यासाठी होता. लग्नानंतर आई-बाबा तिथे एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे, क्वार्टर मिळेपर्यंत. बाबा कधी तिकडे गेले तर, असं मनात होतं. दुकानातल्या मास्टरजींना मी विचारूनही आले होते. "रख देना बेटा," ते म्हणाले. माझ्या पानावरच्या यादीत मी "सात – कांचघर" असं नावही आधीच घालून ठेवलं होतं. राउटर मात्र कधी ठेवला नाही, कारण तो मेलेला होता.

आता तो दिवस.

गेल्या वर्षीचा मे महिना, मंगळवार, कॉलेजला सुट्टी. जबलपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. बाबा जेवून पलंगावर पडले होते. मी टेबलाशी सातवा राउटर घेऊन बसले होते. शेवटचा उपाय म्हणून त्याची मेमरीची चिप बोर्डवरून काढायची आणि वेगळ्या यंत्रात लावून वाचून बघायची असं ठरवलं होतं. हॉट एअर गन लावून ती चिप मी सुटी केली. त्या गनचा आवाज चांगलाच मोठा असतो, आणि वर कूलरचा. चिप निघाली तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं कारण गन किती वेळ तापली ते मी वहीत लिहिते. एक पन्नास.

म्हणजे एक पन्नासला सातव्या राउटरला मेमरीच नव्हती. हे लक्षात ठेवा. मेमरी नसलेला राउटर म्हणजे नुसतं हिरवं पत्र्यासारखं फळकूट. त्याला वीजसुद्धा जोडलेली नव्हती.

मग चिप साफ करण्यात, यंत्रात लावण्यात माझा वेळ गेला. अडीचला चहा ठेवायला उठले तर पलंग रिकामा. पिशवी नाही. दार नुसतं लोटलेलं.

पान उघडलं. घरच्या राउटरची शेवटची ओळ एक बावन्नची. मी त्या चिपवर वाकलेली असताना, माझ्या पाठीमागून, सहा हातांवरून बाबा निघून गेले होते. बाबांना सांभाळण्यासाठी जे करत होते त्याच्याच नादात मी त्यांना जाऊ दिलं. दोन वाजून सहा मिनिटांनी पानठेल्यावरच्या तीन नंबरने ऐकलं होतं. त्यानंतर काही नाही.

स्कूटर काढली. पानठेलेवाला म्हणाला, हां, बाबूजी उभे होते, मग गर्दीत दिसले नाहीत. तिथे एक ऑटोवाला होता, तो म्हणाला, "एक बुजुर्ग को देखा था दीदी, झोला लिए हुए थे. लाइन की तरफ पैदल जा रहे थे." लाइन म्हणजे रेल्वेची लाइन.

तेवढ्यात पानावर नवीन ओळ आली. दोन अठ्ठेचाळीस. सात – कांचघर. आकडा वजा एकतीस.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? चीड आली. मला वाटलं, चला, आता या वेळेला पानातही घोळ. माझ्याच प्रोग्राममध्ये कुठेतरी नंबर चुकतोय. त्या आकड्याचं असं असतं की हाक दूर गेली की तो वजा सत्तर, वजा ऐंशी होतो. वजा एकतीस म्हणजे पिशवी आणि ऐकणारा राउटर एका हाताच्या अंतरावर, एकमेकांना टेकून ठेवल्यासारखे. आमच्या चांगल्या राउटरनीसुद्धा इतका आकडा कधी दिला नव्हता. त्यामुळे तर मला पक्कं वाटलं की हे खोटं आहे. मी लाइनच्या दिशेने निघाले.

तीन वाजता इक्बालभाईंचा फोन. ते माल आणायला कटनीला गेले होते, पण पान बघत होते.

"दीदी, बाबूजी निकल गए क्या? पेज पे सात नंबर आ रहा है. कांचघर."

"सात नंबर मर चुका है इक्बालभाई. मेरी टेबल पे खुला पड़ा है. अभी उसकी चिप निकाली मैंने."

"अच्छा... पर आ तो रहा है. हर मिनट."

"वो गलती है. मैं देख लूँगी बाद में."

ते म्हणाले, "तो एक बार देख आने में क्या जाता है?"

"वक़्त जाता है," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचा तासभर मी लाइनच्या काठाकाठाने फिरले. ते ऊन, तो खडीचा झगमगाट... फाटकवाल्याला विचारलं, झोपडीतल्या बायकांना विचारलं, जी गाडी गेली तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. एका झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ पिशवी उशाला घेऊन झोपलेले दिसले, धावत गेले, तर ते बाबा नव्हते. ऑटोवाल्याने बहुतेक त्यांनाच पाहिलं असावं. आणि मधूनमधून मोबाइल बघितला की त्यावर सात, सात, सात. वजा एकतीस, वजा तीस, वजा एकतीस.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी थांबले. माझे राउटर कमजोर. रेडिओची जुळणी मी पुसलेली, त्यामुळे दहा हाकांतल्या दोन-तीन त्यांना ऐकूच यायच्या नाहीत, ओळींमध्ये नेहमी भोकं असायची. घरच्या राउटरचंही तेच. पण या ओळींत एकही भोक नव्हतं. दोन अठ्ठेचाळीसपासून एकेक मिनिट, एकही न गाळता. प्रोग्राम चुकला तर उलटंसुलटं काहीतरी येतं, इतकं नीटनेटकं येत नाही.

मला भीती वगैरे वाटली नाही. रागच आला होता. म्हटलं, जाते आणि बघतेच, म्हणजे डोक्यातून हे निघेल. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तोपर्यंत सातव्याच्या अठ्ठ्याहत्तर ओळी आल्या होत्या, नंतर मोजल्या.

कांचघरला पोचले तर मास्टरजींच्या दुकानाचं शटर बंद. शेजारच्याने सांगितलं, गावाला लग्नाला गेलेत, चार दिवस झाले. म्हणजे दुकानात वीज बंद, आणि इंटरनेट तर तिथे कधी नव्हतंच. मी परत फिरणार होते. मग दुकानाच्या बाजूची बोळ दिसली, वरच्या खोलीला जायचा अरुंद जिना त्या बोळीतून आहे. वरची खोली आता गोदाम झाली आहे, जिन्यावर कोणी जात-येत नाही.

जिन्याच्या वळणावर बाबा बसले होते. भिंतीला टेकून, मान एका बाजूला, पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. त्या वळणावर वरून पत्रा तापलेला, वारा नाही. मी हाक मारली, डोळे उघडे होते पण बघत नव्हते. हात लावला तर अंग भाजत होतं आणि घामाचा एक थेंब नाही. पिशवीतला डबा उघडलेला नव्हता.

बोळीतल्या दोघांनी हात दिला, ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी लगेच सगळं सुरू केलं. रात्री बाहेर येऊन म्हणाले, लू लागली होती, उन्हाचा झटका, वाचले. "थोड़ा पहले ले आतीं तो..." आणि माझा चेहरा बघून पुढचं बोलले नाहीत. मला ते पुढचं रोज ऐकू येतं.

बाबा सतरा दिवसांनी घरी आले. पाय गेले. आता पलंग आणि खुर्ची, तेही आम्ही दोघींनी उचललं तर. मी आणि मदतीला ठेवलेल्या सुमनबाई. बोलतात, पण दिवसाला पाच-सहा शब्द. ड्युटीला जायला कधी निघत नाहीत. ज्या गोष्टीला मी तीन वर्षं कंटाळले होते ती थांबली आहे, आणि सकाळी सहा वाजले की मी दाराकडे बघते.

त्या दिवसाचा लॉग मी दवाखान्यातून आल्यावर त्याच आठवड्यात तपासला. सातव्याची शेवटची ओळ चार एकोणतीसची. मी जिन्यात पोचले ती वेळ. तिथून पुढे सात नंबर नाही, जरी पिशवी अजून दहा मिनिटं तिथेच पायरीवर पडून होती आणि चिप चालू होती. एकूण एकशे दोन ओळी.

जे जे म्हणून कारण असू शकतं ते मी तपासलं. बाकी सहांपैकी एखादा स्वतःला सात म्हणवत होता का? माझ्या त्या प्रत काढण्याच्या चुकीमुळे हे शक्य होतं, आणि खरं सांगते, तसं निघावं म्हणून मी देवाला सोडून सगळ्यांना विनवलं. नाही. सहाही राउटर आपापल्या नंबरने त्याच मिनिटांना मला "मी चालू आहे" असं कळवत होते, आणि सहाही रांझीत होते. पोत्यातला आणखी एखादा राउटर इक्बालभाईंनी कांचघरला कोणाला विकला असेल? त्यांनी सगळे मोजून दाखवले. शिवाय माझी सिस्टिम फक्त माझ्या सातांवर होती, जुन्या सिस्टिमला माझ्या कॉम्प्युटरचा पत्ताही माहीत नाही. कोणी मस्करी केली? कोण करणार, आणि बाबा तिथे आहेत हे त्याला कसं कळणार? ओळ कुठल्या इंटरनेटवरून आली ते प्रत्येक ओळीसोबत नोंदलं जातं. बाकी सगळ्यांच्या पुढे ते आहे. या एकशे दोन ओळींपुढे ती जागा कोरी आहे. माझा प्रोग्राम तशी कोरी ओळ स्वीकारत नाही, परत पाठवतो. मी पन्नास वेळा करून बघितलं.

आणि मला वाटायचं की निदान मी एकटीने पाहिलं असतं तर भ्रम तरी म्हणता आला असता. इक्बालभाईंच्या मोबाइलमध्ये तीन वाजून दोन मिनिटांचा फोटो आहे त्या पानाचा. मी फोन ठेवल्यावर त्यांनी काढून ठेवला होता.

बाबांना एकदा विचारलं. भरवता भरवता, अगदी सहज, की त्यांनी घाबरू नये.

"बाबा, कांचघरच्या जिन्यात तुमच्यापाशी कोणी बसलं होतं का?"

त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "रिलीव्हर नव्हता आला न."

फॅक्टरीत शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायची नसते. एवढा त्या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी ते कोणाबद्दल बोलत होते – स्वतःबद्दल, की आणखी कोणाबद्दल – ते मला कळलं नाही. पुन्हा विचारलं तर त्यांनी मान फिरवली आणि वरण मागितलं.

पावसाळ्यानंतर मी पोर्टिंगचं ते काम त्या मुक्त सिस्टिमवाल्यांकडे पाठवलं. हे राउटर गावोगावी भंगारात पडले आहेत, कोणाच्या तरी कामी येतील. काम पाठवताना किती बोर्डांवर तपासलं ते लिहावं लागतं आणि पुरावा म्हणून लॉग जोडावा लागतो. मी लिहिलं, सहा. आणि लॉग जोडला तो अख्खा. कापून-छाटून लॉग देऊ नये हे मीच शिकवते.

तिकडे जो माणूस काम तपासतो तो कुठल्या देशात आहे हेही मला माहीत नाही. सभ्य आणि काटेकोर. त्याने एकच प्रश्न विचारला. तुम्ही सहा बोर्ड म्हणता, लॉगमध्ये सात दिसतात, कोणतं बरोबर?

मी टाइप केलं, सहा, सातव्याच्या ओळी चुकीने आल्या आहेत. ते वाक्य मी बराच वेळ बघत बसले. मग पुसलं आणि लिहिलं, सात. सातव्यात त्या वेळी मेमरी नव्हती आणि त्याला वीजही नव्हती, पण ज्या जागेची नोंद त्याने दिली ती बरोबर निघाली. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तो म्हणतो, काम चांगलं आहे, त्या एकशे दोन ओळी काढून पुन्हा पाठवा, लगेच घेतो. त्याचं काही चुकत नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, तेही जरा खवचटपणे. इक्बालभाईसुद्धा म्हणतात, "हटा दो दीदी, बाकी लोगों का भला होगा." तेही बरोबर. दहा सेकंदांचं काम आहे.

त्यातल्या अठ्ठ्याहत्तर ओळी मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी वाचल्या होत्या, आणि हे खोटं आहे म्हणून लाइनवर फिरत राहिले होते. कोणी पाठवल्या, कशा पाठवल्या, मला आजही माहीत नाही. सात महिने झाले, ते काम तिथेच अडकून पडलं आहे. मी ओळी काढलेल्या नाहीत.